चार पायांचं पिल्लू, आठ पायांचं चित्र

एकदा काय झालं, दुपारचे बरोबर सव्वातीन वाजले होते. पक्कं कसं ठाऊक? अहो, गडावर टोल देणारे म्हातारबाबा तीनचे टोल देऊन तंबाखू मळायला बसले होते आणि ती मळून व्हायला त्यांना एवढाच वेळ लागायचा. तर त्याच वेळी कड्यावरून एक भलंमोठं पुस्तक खाली आलं. धप्पदिशी.

कुणी टाकलं? वानरानं. राजाच्या खिडकीतून उचललं, एक कोपरा चावून पाहिला, गोड लागेना, मग दिलं भिरकावून. ते पडलं नेमकं एका गुहेच्या तोंडाशी. आणि त्या गुहेत राहायची शरभीण.

शरभ माहीत आहे ना? गडाच्या दारावर दगडात कोरलेला असतो बघा. सिंहासारखं अंग, वटारलेले डोळे, आणि मांजरानं उंदीर दाबावा तसा पंजाखाली हत्ती. तो झाला दगडाचा. ही मात्र जिती होती बरं का. नवी नवी आई झालेली. पहिलंवहिलं पिल्लू. आणि पिल्लू तरी कसं! घटकाभर एका जागी ठरेल तर शपथ. या दगडावरून त्या दगडावर, तिथून करवंदीच्या जाळीत, तिथून आईच्या पाठीवर. शरभीण आपली मागे मागे. "अरे पडशील! अरे काटे आहेत!"

पण दूध पाजायचं झालं की ती त्याला मानगुटीला धरून पार गुहेच्या आत न्यायची. निजवायचीही तिथेच. का? कुणी पाहिलं तर नजर लागेल ना! हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

मग शरभिणीनं पुस्तक उघडलं. तिला वाचता यायचं. जोडाक्षरं अडायची, पण नखी ठेवून ठेवून वाचायची. वर लिहिलेलं, 'अद्भुत प्राण्यांचे शास्त्र. महाराजांच्या आज्ञेवरून त्रिंबकशास्त्र्यांनी पाहून, मोजून लिहिले.' आत काय सुंदर चित्रं! प्रत्येक प्राणी एकदा समोरून, एकदा बाजूनं, एकदा पोटातली आतडी दाखवून. दातांचं चित्र वेगळं, पावलाच्या ठशाचं वेगळं. खाली लांबी, वजन, आहार.

पानं उलटता उलटता तिचंच पान आलं. "अगं बाई, हे तर आपण!" म्हणाली. शेपटीचा गोंडासुद्धा काढलेला. तिला इतका आनंद झाला की पिल्लाला हाक मारून दाखवलं. पिल्लानं पुस्तकावरून एक उडी मारली आणि गेलं पळून.

मग ती खालचं वाचायला लागली. आणि तिचा चेहरा उतरला.

लिहिलं होतं, 'शरभाचे पिल्लू. पाय : आठ. झोप : नाही. आहार : वारा.'

पुन्हा वाचलं. तेच होतं. बाजूच्या पिल्लाच्या चित्रातही आठच पाय काढलेले.

मग तिनं पिल्लाचे पाय मोजले. चार. पोटाखाली पंजा घालून चाचपलं, कुठं कोंब फुटलेत का बघायला. नाही. स्वतःचे मोजले. तेही चारच. "माझं जाऊ दे," म्हणाली, "मला कुणी लक्ष देऊन वाढवलंच नाही. पण याचे तरी यायला नकोत का? नक्की माझंच काहीतरी चुकतंय. मी याला दूध पाजते. मी याला निजवते. म्हणून तर बाकीचे चार पाय अडलेत!"

कळलं का काय झालं ते? पुस्तक छापलेलं, त्यात रंगीत. मग चूक कुणाची? आईची.

मग शरभिणीनं दूध बंद केलं. पिल्लाला कड्याच्या टोकाशी बसवलं, तोंड वाऱ्याकडे करून. "आ कर." पिल्लानं आ केला. "पी." पिल्लू प्यायलं. डोळे मिटायला लागले की ती फुंकर मारून उघडायची. आधी पिल्लाला गंमत वाटली. पोट फुगलं, ढेकरावर ढेकर. मग गंमत सरली. ते डरकाळी फोडायला गेलं तर नुसतं 'फुस्स' झालं.

"आई, पोटात आवाज येतोय, पण पोटात कुणीच नाही गं."

शरभिणीच्या काळजाचं पाणी झालं. आता हे वाऱ्यानं होतंय की वारा कमी पडतोय? तिला समजेना. मग दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि पिल्लू घेऊन ती विचारायला निघाली.

आधी गेली पिंपळावरच्या गंडभेरुंडाकडे. म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, बरं का. त्यानंही रात्री गुहेपाशी येऊन पुस्तक चाळलेलं होतं आणि त्याची दोन्ही डोकी एकमेकांकडे पाठ करून बसली होती. पुस्तकात लिहिलेलं, 'उजवे डोके विचार करते. डावे शोभेचे आहे.'

"पुस्तकात आहे म्हणजे खरंच असणार," उजवं म्हणालं. "वाराच पाज."

"खोटं आहे सगळं!" डावं म्हणालं. "दूधच पाज."

"तू गप. तू शोभेचं."

"शोभा तरी आहे मला. तुझ्याकडे बघ एकदा!"

एका पक्ष्याची दोन उत्तरं. आता ऐकायचं कुणाचं? शरभीण तशीच पुढे गेली.

मग गेली टाक्यातल्या मकराकडे. मकराला असते हत्तीची सोंड आणि मगरीचं अंग. तो गळ्याइतक्या पाण्यात सुन्न बसला होता.

"शरभिणी, मला जरा चिमटा काढ."

"का हो, मकरभाऊ?"

"गंडभेरुंड सांगून गेला, माझ्या पानावर लिहिलंय, 'मकर : आता एकही उरला नाही.' मग पाण्यात हे कोण बसलंय? सकाळपासून जेवलोसुद्धा नाही. म्हटलं, जो नाहीच त्याला भूक कशी लागेल?"

तिनं चिमटा काढला. तो "आई गं!" ओरडला. "बघ, दुखलं. पण कुणाला दुखलं?"

 शरभीण मागे वळून बघते तर पिल्लू चालेना. पाय मुडपून खाली बसलं होतं. हाक मारली तर नुसते कान हलवले.

मग मात्र तिनं त्याला उचललं. मानगुटीला धरलं, दातांच्या फटीत पुस्तकही धरलं, आणि भर दुपारी थेट राजाच्या दरबारात. पहारेकरी पळाले. राजा सिंहासनावर उभाच राहिला. त्रिंबकशास्त्री एका खांबामागे गेले, पण मोजायची दोरी काही सोडली नाही हातातून.

शरभिणीनं पिल्लू खाली ठेवलं. "महाराज, तुमच्या पुस्तकाबरहुकूम सगळं केलं हो. तरी हे असं का झालं?"

शास्त्रीबुवा खांबामागूनच डोकावले. "पाय किती?"

"चार."

"मग हा शरभ नाही."

"अहो, मीच त्याची आई!"

"तुमचे किती?"

"माझेही चारच."

"मग तुम्हीही नाही."

"मग मी कोण?"

शास्त्रीबुवांनी पुस्तक चाळलं. मागून पुढे, पुढून मागे. "तेवढं यात आलेलं नाही," म्हणाले. आणि त्यांचं तोंडही बारीक झालं. माणूस वाईट नव्हता बरं का. गोंधळला होता बिचारा.

तेवढ्यात ठकूबाई आली. वाडीतली म्हातारी. वाड्यावर दूध घालायला यायची. कमरेवर चरवी, पदर खोचलेला. तिनं पिल्लू पाहिलं आणि चरवी खाली ठेवली. "अगं माय माझे! हे तेच का? त्या कड्यावरचं? काय केलंत याचं?"

"ठकूबाई," शास्त्रीबुवा म्हणाले, "तुम्हीच तर मला सांगितलंत, की हे वारा पितं."

"मी? मी कधी?"

"पावसाळा संपता संपता. मी विचारलं, बाई, हे पिल्लू कसं काय आहे? तुम्ही म्हणालात, वारं प्यायलेलं आहे नुसतं. मी शब्दन् शब्द टिपून घेतला."

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "अहो बुवा, आमच्या नातवालापण मी दिवसातून दहादा म्हणते, वारं प्यायलेलं वासरू आहे मेलं! ठरत नाही ना एका जागी. म्हणून त्याच्या ताटात काय वारा वाढते मी?"

 मग राजानं विचारलं, "आणि आठ पाय?"

"महाराज, मी स्वतः मोजले. लांबून. ते पळत होतं. दर वेळी आठच भरत होते."

"आणि झोप नाही, ते?"

"दुपारभर झुडपात बसलो, हे केव्हा निजतं ते बघायला. निजेचना! मग आई त्याला उचलून आत घेऊन गेली. पुढचं मला दिसलं नाही."

शरभीण ऐकत होती. आणि तिच्या ध्यानात आलं. आतच तर ते दूध प्यायचं. आतच तर निजायचं. बाहेर उरलं होतं ते नुसतं पळणं. म्हणजे ते आठ पाय, ती न झोपणारी दुपार, तो वारा, सगळं तिच्याच पिल्लाचं होतं. जेव्हा ते धडधाकट होतं तेव्हाचं.

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. मग पिल्लाकडे. मग आजूबाजूला पाहिलं. भर दरबार, शंभर डोळे. आडोसा म्हणून नव्हता कुठं. नजर लागली तर? पण पिल्लाचा कान आता हलत नव्हता.

ती तिथंच, राजासमोर, आडवी झाली.

ठकूबाईनं काय केलं, आपला पदर सोडून दोन्ही हातांनी समोर धरला. "सगळ्यांनी तिकडं तोंड करा!" म्हणाली. "महाराज, तुम्हीपण!" राजानं पाठ फिरवली. मग प्रधानानं, मग साऱ्यांनी. पदराआडून आधी काहीच ऐकू येईना. काहीच नाही. आणि मग आलं, चुटूक. चुटूक. चुटूक.

शास्त्रीबुवांना राहवेना. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "ठकूबाई, काय पितंय ते?"

"वारा!" ठकूबाई म्हणाली. आणि अख्खा दरबार भिंतीकडे तोंड करून हसला.

पोट भरलं तसं पिल्लू झोपलं. ठकूबाईनं बोटानं काजळाची तीट लावली त्याच्या कपाळाला. ते संध्याकाळपर्यंत झोपलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही, कुणी खोकललंसुद्धा नाही.

मग ते उठलं. आळस दिला. आणि सुटलं! सिंहासनावरून उडी, प्रधानाच्या पागोट्यावरून उडी, आईच्या पाठीवर, तिथून खिडकीत. "अरे पडशील!" शरभीण ओरडली आणि ओरडता ओरडता रडायला लागली. शास्त्रीबुवा दोरी घेऊन मागे धावत मोजत होते. "चार... सहा... अहो, आठ! महाराज, आठच आहेत!"

मग नवं पुस्तक झालं. त्यात लिहिलं, 'शरभाचे पिल्लू. पाय : चार, पळताना आठ. झोप : आईजवळ. आहार : विचारू नये.' मकराच्या पानावर लिहिलं, 'एक आहे, टाक्यात. जेवला.' डाव्या डोक्यालाही विचार करायची परवानगी मिळाली. आणि कड्यावर, टाक्यात, पिंपळावर, ज्याची त्याची घरं ज्याच्या त्याच्या गोंधळासकट सुखात राहिली.

पण जुनं पुस्तक कुठं गेलं? ते काही मला ठाऊक नाही. वानरानं पुन्हा पळवलं म्हणतात. अजून कुणाच्या तरी हाती पडत असेल. एखादी आई वाचत असेल आणि पोराचे पाय मोजत बसली असेल.

म्हणून आता डोळे मिटा. पाय आत घ्या, किती आहेत ते नंतर मोजू. आणि सकाळी उठलात की जो भेटेल त्याला सांगा, शेजारच्यांना सांगा, शाळेत सांगा, की शरभाचं पिल्लूसुद्धा दूध पितं आणि झोपतं. सांगाल ना? त्या आईपर्यंत पोचलं पाहिजे.