मैनेचे राहिलेले महिने

शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. आदल्या वर्षात कधीही जन्मलेलं शिंगरू त्या दिवशी एक वर्षाचं धरतात. मैनेची आई उशिरा गाभण राहिली, मैना मे महिन्यात जन्मली, आणि वर्षाच्या सुरुवातीच्या शिंगरांपुढे ती खुजी दिसू लागली.

नव्या वर्षात फार्मचे मालक रावसाहेब शिंगरं बघायला आले. "ही काय पळणार? विकून टाका."

शिंगरांची देखभाल करणारी वत्सला मैनेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. नवरा घोड्यांबरोबर मुंबईला. या माळावर रांगत्या लेकीखेरीज तिला बोलायला मैनाच होती.

रावसाहेबांची सून बाळाला घेऊन शेजारीच उभी होती. वत्सलेनं आपली लेक सतरंजीवर सोडली.

"साहेब, बाळराजे आणि माझी पोर एकाच सालातले. लावा शर्यत. मागं राहील त्याला विकून टाका."

"वेडी का तू? ती फेब्रुवारीची, हा दिवाळीतला. अजून त्यानं मानसुद्धा धरली नाही."

"तेच म्हणते, साहेब. मैनेलाही तिचे राहिलेले महिने मिळू द्या."

सून पदराआड हसली. रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि मैना राहिली.

गाडी गेल्यावर वत्सला ही सगळी हकिकत मैनेलाच सांगत बसली. ऐकायला दुसरं होतं कोण?