आधी मीठ

“म्हणजे बुवा, ठेवायची की नाही ठेवायची? एवढंच सांगा!”

हे विचारणारे आमचे जयवंतराव. निवृत्त न्यायाधीश. जन्मभर लोकांचे निवाडे केले आणि आता हॉटेलातल्या टिपेपायी हैराण होऊन टेकडी चढून मठात आले होते. घाम पुसायचंही भान नव्हतं.

चिंधेबुवा चुलीवरचं पिठलं ढवळत होते. मी बाजूला बसून कांदा चिरत होतो.

“कुणाला ठेवायची?” बुवांनी विचारलं.

“सोनबाला. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. आता स्टँडसमोरच्या हॉटेलात वेटर आहे. मी दर शनिवारी मुद्दाम त्याच्याच टेबलावर बसतो.”

“बरं करतोस.”

“कसलं बरं! पहिल्यांदा बडीशेपेच्या बशीत नोट ठेवली, तर गडी धावत गाडीपर्यंत आला. ‘जयू, तुझी नोट राहिली रे.’ चेहरा असा पडला होता त्याचा… मग म्हटलं, मित्राला कसली टीप द्यायची? ठेवणं बंद केलं. तर तिथली पोरं त्याला चिडवायला लागली. ‘काय सोनबा, तुझे जजसाहेब आजही कोरडेच गेले?’ बाकीची गिऱ्हाइकं ठेवतात हो. मग माझ्याच टेबलावर त्यानं फुकट का राबायचं? हा अन्याय नाही का?”

“आहे की.”

“आणि दिली तर अपमान!”

“तोही आहे.”

जयवंतराव वैतागले. दोन्ही बाजूंना ‘हो’ म्हणणारा साक्षीदार त्यांनी कोर्टात उभासुद्धा राहू दिला नसता.

मग त्यांचा आवाज खाली आला.

“गेल्या शनिवारी त्यानं माझ्या टेबलावर दुसऱ्याच पोराला पाठवलं. स्वतः पाण्याच्या पिंपामागे उभा राहिला. मला दिसत होता, बुवा… आला नाही.”

माझे डोळे भरून आले. हातात कांदा होता म्हणून निभावलं.

बुवांनी पत्रावळ मांडली.

“बस. आधी जेव.”

मीठ, चटणी, भाकरी, पिठलं. सगळं बुवांनीच वाढलं. साहेब ‘पुरे, पुरे’ म्हणून हात आडवा धरत होते आणि बुवा हाताखालून भाकरी सरकवत होते.

साहेबांचं जेवण झालं. मग बुवांनी दुसरी पत्रावळ मांडली आणि तिच्यासमोर स्वतः मांडी घालून बसले.

बसले ते बसलेच…

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागलो.

“तू कांदा चीर,” बुवा म्हणाले.

साहेब दाराकडे बघायला लागले.

“बुवा, वाढायला कुणी येणार आहे का?”

रिकामी पत्रावळ बुवांनी हातानं पुसली आणि पुन्हा वाट बघत बसले…

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. गडबडीनं पातेलं उचललं, हात पोळला, “आई गं!” म्हणाले. पिठलं वाढलं ते निम्मं पत्रावळीवर आणि निम्मं बुवांच्या मांडीवर.

बुवा खो खो हसले. असा हसला ना म्हातारा, की मला फार बरं वाटतं.

“अरे, मीठ कुठाय? आधी मीठ वाढतात. जन्मात कुणाला वाढलं नाहीस वाटतं?”

“नाही, बुवा. मी कायम जेवणाऱ्यांत.”

बुवांनी मग मागून मागून घेतलं. चटणी आण, भाकरी मोड, पाणी दे. साहेब ओणवे होऊन वाढत राहिले. कंबर धरली असणार, पण चेहरा खुलला होता. “अजून अर्धी घ्याच,” असा आग्रहसुद्धा करायला लागले!

पण मूळ प्रश्न काही सुटेना. न्यायाधीश ना!

“बुवा, माझं उत्तर राहिलं. टीप ठेवू की नको?”

बुवांनी बोटं चाटली.

“सोनबाला सुट्टी कुठल्या वारी असते रे?”

“ते… विचारलं नाही कधी.”

“मग विचार. आणि त्याला वाढताना मीठ विसरू नकोस.”