खिंडीच्या तोंडाशी

त्या राज्यात डोंगरापलीकडे गेलेले कोणी परत येत नसे. येई तो फक्त त्यांचा वास. वारा एका अरुंद, नागमोडी खिंडीतून वाहायचा. खिंडीच्या भिंतींवर शेवाळ होते. काही वास त्या शेवाळाला लगटत, रेंगाळत. काही सरळ निघून येत. त्यामुळे पलीकडून एकदम निघालेले वासही खिंडीच्या तोंडाशी एकेकटे पोचत.

तिथे वज्रा नावाचा म्हातारा हत्ती उभा असे. आलेला वास तो सोंडेत भरून घेई, डोळे मिटून ओळखी आणि मग नाव पुकारी. ज्याचे नाव पुकारले जाई तो जिवंत आहे, असे राज्य मानत असे. खिंडीबाहेर पडलेला वास माळावर विखरून जाई. मग तो कोणाच्याच नाकाला सापडत नसे.

कुरंगी हरिणी तिथे रोज येई. तिचे पाडस, रेवू, वणव्यात पलीकडे पळाले होते. वज्राने "भुंड्या रानडुक्कर" म्हटले की ती कान टवकारी, कारण त्यानंतर बऱ्याच वेळाने रेवूचे नाव येई, आणि मग साळिंदराचे.

पुढे राज्याला बातमीची घाई झाली. जुनी खिंड दगडांनी बुजवली आणि शेजारी आखूड, सरळ खिंड फोडली. वारा सुसाट येऊ लागला. दिवसभराची नावे सकाळीच संपू लागली. सगळे खूश झाले. कुरंगीला मात्र भुंड्याचे नाव ऐकू येई आणि पाठोपाठ थेट साळिंदराचे.

कळपाने थोडे दिवस धीर धरला. मग रेवूची निजायची जागा दुसऱ्या पाडसाला दिली.  कुरंगी खिंडीकडे गेली.

"आजोबा, खरं सांगा. माझा रेवू गेला का?"

वज्राने सोंड खाली घेतली. "पोरी, मला सांगता येत नाही. माझी सोंड लांब. एक वास पुरता निघत नाही, तोवर दुसरा येऊन त्यात मिसळतो. भुंड्याचं नाव घेतो खरा, पण तो वास निव्वळ भुंड्याचा नसतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सगळे नाव ऐकायला उभे असतात गं. 'ठाऊक नाही' असं कसं पुकारू?"

पण दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुकारले, आणि आपली जागा चिंगी चिचुंद्रीला दिली. तिचे नाक एवढेसे. वास शिरला न शिरला तोच बाहेर. सुरुवातीला पाचोळा हलला तरी ती काहीबाही नाव घेई. लोक हसत. हळूहळू ती सरावली, आणि एका सकाळी एका दमात म्हणाली, "भुंड्या, रेवू, साळिंदर."

कुरंगी पुढे धावली. "पुन्हा म्हण ना, बाई!"

"तो गेलासुद्धा," चिंगी म्हणाली, आणि तिने पुढचे नाव घेतले.

कळपात आनंद झाला. रेवूचे नाव आता रोज येई, आणि कुरंगीने मान वर करेपर्यंत सरून जाई.

एकदा ती उठली आणि चिंचेखाली बसलेल्या वज्राजवळ गेली.

"आजोबा, त्या मिसळलेल्या वासातलं काही राहिलंय का तुमच्या सोंडेत?"

वज्राने सोंड तिच्या तोंडाशी आणली आणि अगदी सावकाश श्वास सोडला. त्यात डुकराचा चिखल होता, साळिंदराचे काटे होते, कुठेतरी दुधाचा ओलसर वास होता. मागे चिंगी भराभर नावे घेत होती. कुरंगीने त्या उबेत नाक खुपसले. काय कोणाचे, हे तिने निवडले नाही.