मोठ्या आकड्याचे सेल

मोबाइलला अजून फोटो काढता येत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. वेंगुर्ल्याच्या विनायक शिरोडकरांकडे एक डिजिटल कॅमेरा होता आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या होत्या. हिरव्या जोडीवर मोठा आकडा छापलेला होता, पांढऱ्या जोडीवर लहान.

"आमच्यात ताकद जास्त," हिरवे सेल येताजाता सांगत.

"चार्जरमधून काढल्या दिवशी असते," कॅमेरा वैतागून म्हणे. "महिनाभर पडून राहिलात की काय उरतं? पांढरे तरी तसेच भरलेले असतात."

पण कॅमेऱ्याचं बोलणं माणसांना कुठलं ऐकू यायला? शिरोडकर आकडा बघूनच सेल निवडत.

एके दिवशी शेजारच्या शांताक्कांची धाकटी बहीण चाळीस वर्षांनी भेटायला येणार होती. शिरोडकरांनी महिन्यापूर्वी चार्ज केलेले हिरवे सेल घातले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बहीण रिक्षातून उतरली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. शिरोडकरांनी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला.

"जरा दमलोय," हिरवे पुटपुटले.

"महिनाभर पडून पडूनच दमलात," कॅमेरा म्हणाला. "कितीदा सांगायचं?"

शिरोडकर घरी पळाले आणि पांढरे सेल घालून परतले. तोवर दोघी ओट्यावर बसून चहा पीत होत्या.

"शांताक्का, पुन्हा एकदा तशाच गळ्यात पडाल का?"

शांताक्कांनी बहिणीकडे पाहिलं. "रडायचं होतं तेवढं रडून झालं रे, विनायका. आता चहा पितानाचा काढ."