चाकाखालचं लिंबू

"मग आप्पा, श्रेष्ठ कोणती?"

विश्वेश ढमढेरेने पुन्हा विचारलं. आप्पासाहेब खर्डेकर दोन्ही गाड्यांभोवती फिरत होते.

वाईला विश्वेशच्या जुन्या गाड्यांच्या दालनात दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. आप्पांची लाल फेरारी आणि विश्वेशची चंदेरी मासेराती. दोघी इटलीच्या, साठच्या दशकातल्या. मागे सामान टाकावं, शेजारी आपलं माणूस बसवावं आणि देशच्या देश ओलांडावेत, यासाठी घडवलेल्या.

डोळ्यांचं पारणं फिटावं असा देखावा होता. खोटं कशाला बोला, पाहणाऱ्याला श्वास घ्यायचं भान राहिलं नसतं.

आप्पा सकाळीच कोल्हापूरहून फेरारी स्वतः हाकत आले होते. बॉनेट अजून गरम होतं. काचेवर किडे चिकटलेले, दाराचा रंग हात लागून लागून उडालेला.

आप्पांना मूलबाळ नव्हतं. डोळे थकत चालले होते. या दसऱ्याला फेरारीची किल्ली योग्य माणसाच्या हाती देणार, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून विश्वेशला झोप नव्हती. गाड्यांमधलं जे काही कळत होतं ते याच म्हाताऱ्याने शिकवलेलं, तेव्हा किल्ली आपलीच, असं तो धरून चालला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, आप्पा? बघा ना. मासेरातीला ओरखडा नाही. टायरवरचे नवेपणीचे रबरी केससुद्धा झडलेले नाहीत. दर रविवारी जागेवरच इंजिन चालू करतो, ऐकतो, बंद करतो. तुमची लाल गाडीही अशीच जपीन. धूळ बसू देणार नाही."

आप्पा मासेरातीपुढे गेले. पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"काय घडवलीय रे..." त्यांचे डोळे भरून आले होते.

विश्वेशला वाटलं, जिंकलो!

मग आप्पा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. पुढच्या चाकाखाली बोटं घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं. काळं पडलेलं, सुपारीसारखं टणक.

"हे काय?"

"लिंबू." विश्वेश चाचरला. "गाडी आणली त्या दिवशी पूजा केली होती. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं..."

"आणि?"

"मग वाटलं, कशाला उगाच चालवायची... मीटरवर आकडा चढला की चढलाच. पूजेचं म्हणून लिंबू कुणी उचललं नाही."

दालनात फेरारीचं तापलेलं लोखंड तेवढं टिकटिक करत निवत होतं.

आप्पांनी लिंबू कपाळाला लावलं आणि होतं तिथेच परत ठेवलं. दार उघडून ते मासेरातीत चालकाच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. फेरारीची किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"बस लेका."

"कुठं जायचं?"

"समोर पसरणीचा घाट आहे की."

विश्वेश बसला. इंजिन जागं झालं. रविवारी ऐकलेला तोच आवाज, पण आज त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंती थरथरल्या. एवढं बळ इतकी वर्षं आपण जागेवरच गुरगुरत ठेवलं, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं.

त्याने गिअर टाकला. क्लचवरचा पाय मात्र उचलेना.

"आप्पा... एकदा बाहेर काढली की ती आता आहे तशी राहायची नाही."

आप्पांनी दालनाच्या उघड्या दाराकडे बोट केलं. दाराबाहेर ऊन होतं आणि उन्हातून घाटाचा रस्ता वर गेला होता.

"निदान एवढं तरी सांगा," विश्वेश कळवळून म्हणाला. "दोघींत श्रेष्ठ कोणती? आणि तुमची किल्ली... मला मिळणार का?"

आप्पांनी मूठ उघडली नाही.

"आधी लिंबू फुटू दे."