खुरप्याची काळजी

फार मागे, अवजारांना अजून वाचा होती तेव्हा, घाटमाथ्यावर सगुणाबाईंची बाग होती. एका हिवाळ्यात असा कडाका पडला की सगळे वाफे करपून गेले. मातीखाली कोण जगलं, कोण गेलं, काही कळेना.

"होळीपर्यंत कुणी वर आलं नाही, तर मी इथे मुळा लावणार," सगुणाबाई म्हणाल्या.

हे ऐकून खुरप्याला दम निघेना. रोज सकाळी ते डेलियाचा कंद उकरून विचारी, "आहेस ना रे?"

"आहे! माती टाक आधी," डेलिया कुडकुडत म्हणे.

मग निशिगंधाची पाळी. एकदा तर त्याचा कोवळा कोंबच पात्याने मोडला.

"धीर धर की जरा," झारी ओरडली.

"अगं, काळजीपोटीच विचारतात ना!" खुरपं म्हणालं.

भुईचाफ्याच्या खुणेची काडी मात्र वाऱ्याने उडाली होती. सगळे वाफे धुंडाळूनही तो सापडेना. गेला बिचारा, म्हणून खुरपं दोन दिवस रडलं.

होळी झाली. सगुणाबाई मुळ्याचं बी घेऊन आल्या आणि थबकल्या. उघड्या मातीतून भुईचाफ्याची पांढरी-जांभळी फुलं वर आली होती.

"अगं बाई! म्हणजे बाकीचेही येतील," म्हणत त्यांनी बी पुन्हा पदरात बांधलं. "पण हा एकटाच वेळेवर कसा उठला?"

झारीने खुरप्याकडे पाहिलं.

"मला सापडला नाही म्हणून," खुरपं पुटपुटलं.