उद्यासाठी ठेवलेला डबा

“मग भंतेजी, यात कमी काय आहे ते तरी सांगा!”

भंते शीलरक्षितांनी लॅपटॉप हळूच तिच्याकडे वळवला.

“कमी काहीच नाही.”

“मग?”

शलाका रामटेके उत्तराची वाट बघत राहिली. नागपूरच्या कॉलेजात ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गातला पहिला नंबर तिने आजवर कुणाला शिवू दिला नव्हता. सकाळच्या एसटीने पवनीला उतरून, उन्हातून चालत ती गावाबाहेरच्या या विहारात आली होती. आपला अर्ज वाचून भंते खूश होतील, असं तिला वाटलं होतं.

चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी भंते पुण्यात संगणकाचं काम करायचे. आताही विहारातल्या जुन्या संगणकावर ते ‘अक्षरवेल’ला हातभार लावत. जुन्या छापील पानांचा फोटो दिला की हे सॉफ्टवेअर त्यातली अक्षरं ओळखून पुन्हा टाइप करून द्यायचं. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते घडवत, आणि कुणीही ते उघडून बघावं, सुधारावं, अशी त्याची रीत होती.

दर उन्हाळ्यात ही मंडळी एका विद्यार्थ्याला हाताशी धरून शिकवत. जागा एकच. अर्ज देशोदेशीचे.

गेल्या वर्षी शलाकाचा अर्ज नाकारला गेला होता. पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनी राहणार नव्हती. म्हणजे काय ते या खेपेलाच, आणि मुदत तर रविवारी संपत होती.

“यात तूच आहेस,” भंते म्हणाले.

“अर्ज माझा आहे भंतेजी. दुसरं कोण असणार?”

“हं.”

“माझे मार्क, माझी बक्षिसं, आठवड्यागणिक मी काय करणार ते…”

“कुठे अडशील, ते दिसलं नाही.”

“ते कसं लिहायचं? कच्ची वाटेन ना मी!”

भंतेंनी पडद्यावर एका ओळीपाशी बोट नेलं. अर्जाचा सगळा डौल त्या ओळीवर उभा होता. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं मधेच तुटलेली असतात, त्यामुळे अक्षरवेल ‘रक्त’चं ‘रकत’ वाचायचं. हा दोष कुणालाच काढता आला नव्हता.

“पहिल्या महिन्यात हे दुरुस्त करीन, असं लिहिलंयस. जमेल?”

शलाका हसली. “जमलंसुद्धा! माझ्या लॅपटॉपवर चालतंय. दाखवू?”

“झालंय?”

“कधीच!”

“मग झालेलं काम पुन्हा एकदा करणार?”

“तसं नाही हो भंतेजी… निवड झाली की बाहेर काढीन. आत्ताच सगळ्यांसमोर ठेवलं, तर माझ्याकडे काय उरलं?”

भंते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर मोहाच्या झाडाखाली कोरडी पानं सरकत होती.

“अक्षरवेलच्या चर्चेच्या पानावर एक मुलगी याच ठिकाणी अडकलीय,” ते म्हणाले. “मणिपूरची. लिंथोई. आजोबांची बंगाली लिपीतली जुनी पुस्तकं तिला वाचून घ्यायचीत. जोडाक्षरं तिथेही अशीच तुटतात.”

“वाचलंय मी.”

“उत्तर येतं तुला?”

“येतं. पण भंतेजी, तीही याच जागेसाठी अर्ज करतेय!” शलाकाचा आवाज चढला. “माझ्याच हाताने तिला शिडी लावून देऊ?”

भंते उत्तर देणार, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. गावातल्या कुसुमबाई भंतेंसाठी जेवण घेऊन आल्या होत्या. पदराने घाम पुसत त्या टेकल्या.

“वंदामि भंते. पातोडीचा रस्सा आहे आज. लवकर बसा जी, बारा वाजाले आले.”

बारानंतर भंते जेवत नसत. ते गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

भंतेंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडून वास घेतला. मग झाकण लावलं आणि उठून डबा पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवला.

कुसुमबाई बघतच राहिल्या.

“हे काय जी? जेवत नाही का?”

“उद्या जेवीन.”

“उद्या? काहून बाप्पा! भिक्खूले आजचं उद्यासाठी ठेवता येते का? आन् हा उन्हाळा… संध्याकाळपर्यंत आंबून जाईल ना रस्सा!”

“पातोड्या फार चांगल्या दिसतात,” भंते शांतपणे म्हणाले. “आत्ताच संपवल्या, तर माझ्याकडे काय उरलं?”

“घ्या! उद्या नव्या करीन ना मी! माहे हात मोडले का?”

शलाकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने मान खाली घातली…

फळीवरच्या डब्यातून खोबऱ्या-लसणाचा वास खोलीभर पसरला होता.

मग शलाका उठली. तिने डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि भंतेंच्या पुढ्यात ठेवला. स्वतः कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप मांडीवर घेतला.

भंते जेवू लागले. तिच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

शलाकाने चर्चेचं पान उघडलं. लिंथोईच्या प्रश्नाखाली आपली सगळी दुरुस्ती मांडली, कशी केली तेही लिहिलं. शेवटचं बटण दाबताना तिचं बोट थबकलं. कितीतरी रात्रींचं जागरण होतं ते… तिने डोळे मिटले आणि दाबलं.

“भंतेजी, माझा अर्ज आता रिकामा झाला.”

भंतेंनी पातोडीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात धुतले.

“छान,” ते म्हणाले. “आता लिही.”

दुसऱ्या दिवशी नागपुरात लिंथोईचं उत्तर आलं. आधी भरभरून आभार होते. खाली लिहिलं होतं, ‘पण एक गंमत झालीय. दोन शब्द जरा जवळ आले की तुझी दुरुस्ती त्यांचंही लग्न लावून टाकते!’ सोबत पुरावा म्हणून एक अख्खं पान जोडलेलं. आणि हे सगळं जगाला दिसेल असं, उघड्यावर.

शलाकाने तिरमिरीत भंतेंना फोन लावला.

“बघितलंत? ज्या पोरीला मदत केली, तिनेच चारचौघांत माझी चूक काढली!”

“चूक खरी आहे?”

“…हो.”

“मग बरं झालं. आता यात दोघी आहात.”

फोन ठेवल्यावर शलाकाने ते पान पुन्हा वाचलं आणि या वेळी तिला हसू आलं. खरंच, दुरुस्तीने भलत्याच शब्दांच्या गाठी मारल्या होत्या.

त्यानंतर दोघींना तहानभुकेचं भान राहिलं नाही. लिंथोई तिकडून पानं पाठवायची, शलाका इकडून दुरुस्ती फिरवून बघायची. एकीने बांधावं, दुसरीने ते मोडून दाखवावं. हॉलंडमधला एक म्हातारा जाणकार मधेच येऊन दोघींची चूक दाखवून गेला. शनिवारी ‘रक्त’ हे ‘रक्त’च राहिलं, शेजारचे शब्द सुटे राहिले, आणि त्या दोघींचं काम अक्षरवेलमध्ये कायमचं सामील झालं.

रविवारी शलाकाने अर्ज कोऱ्या पानावरून सुरू केला. मार्क आणि बक्षिसं एका ओळीत बसली. काय करून झालंय, त्यातली चूक कुणी दाखवली, पुढे काय करायचंय, हे तिने लिहिलं. फिकट शाईच्या पानांशी आपण अजून हरतो, तिथे आपण नक्की अडणार आणि अडलो की कुणाला विचारणार, तेही लिहिलं. लिहिताना तिला जराही कच्चं वाटलं नाही. मुदत संपायच्या आत अर्ज गेला.

निकाल बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी लागला.

शलाकाने आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरची मेसवाली मावशी झारा घेऊन वर धावत आली. कळल्यावर तिने त्या झाऱ्यानेच शलाकाची दृष्ट काढली. पत्रात शिकवणाऱ्या मंडळींनी लिहिलं होतं, ‘तुम्ही कसं काम करता हे आम्ही आधीच पाहिलं होतं. अर्ज वाचून फक्त खात्री करून घेतली.’

पण पहिलं अभिनंदन त्यांच्याही आधी येऊन पडलं होतं. लिंथोईचं. ‘आपण जिंकलो! माझी पुस्तकं वाचली जातायत. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा अर्ज करणार. तुझा अर्ज दाखवशील मला?’

पौर्णिमेला शलाका नागपुरातून खिरीचं पातेलं घेऊन निघाली. एसटी रस्त्यात बंद पडली. विहारात पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. गावची माणसं शिडीवर चढून पंचरंगी पताका बांधत होती, खाली पोरांचा गलका चालला होता.

“भंतेजी, झाली निवड! आपली झाली!”

भंते मनापासून हसले. “साधू, साधू, साधू.”

“ही खीर तुमच्यासाठी…” म्हणत तिने पातेलं पुढे केलं, आणि तिची नजर घड्याळावर गेली. “अगं आई गं! बारा तर केव्हाच वाजून गेले!”

“गेले खरे.”

ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “भंतेजी, अजून एक विचारायचं होतं. लिंथोईने माझा अर्ज मागितलाय. सगळा दाखवू? की थोडाच…”

भंतेंनी पातेल्याला बाहेरून हात लावून बघितला. मग अंगणातल्या माणसांकडे पाहिलं.

“अजून कोमट आहे,” ते म्हणाले. “उभी काय राहिलीस? वाढ!”